अडथळ्यांचा हिशोब लागला, मॅरेथॉन अडली

मंडळी, स्टीपलचेसच्या (३००० मीटर, वाटेत अडथळे आणि पाण्यावरच्या उड्या) वेळेवरून हाफ आणि फुल मॅरेथॉनची वेळ काढता येते का, ते आपण पाहतोय. त्यासाठी आधी अडथळ्यांत जाणारा वेळ वजा करायचा. ती वजाबाकी एकदाची जमली. नॉर्वेच्या इंगेब्रिग्टसेनचं सपाट, म्हणजे बिनअडथळ्यांचं ३००० मीटर (७:१७.५५) आणि इथिओपियाच्या गिरमाची स्टीपलचेस (७:५२.११) यांतला फरक आपण घेत होतो. पण गडी दोन, फरक कुणाचा धरायचा? म्हणून एकट्या गिरमावर आलो. २०२३ मध्येच त्याने इनडोअर ३००० मीटर ७:२३.८१ मध्ये मारलंय. फरक २८.३ सेकंद. २८ अडथळे आणि ७ वॉटर जंप, म्हणजे उडीमागे साधारण ०.८.

हेच अविनाश साबळेच्या ८:०९.९१ मधून वजा केलं आणि रिगेलचा १.०६ घातांक लावला (अंतर जितक्या पट, त्याचा १.०६ वा घात तितक्या पट वेळ). ५००० ला १३:१३ आलं, प्रत्यक्षात १३:१९.३०. हाफला १:००:४९, दिल्लीत २०२० मध्ये तो धावला १:००:३०. स्टीपलचेसवरून हाफ, आणि चूक फक्त १९ सेकंदांची! फोनवरचे फुकटचे कॅल्क्युलेटर यात काही कामाचे नाहीत, स्टीपलचेसचा रकानाच नसतो. साधी एक्सेल शीट बरी.

मग आपल्या माणदेशात शिरलो आणि गाडी रुतली. मोहीच्या ललिता बाबर, इंचिऑन आशियाई स्पर्धा २०१४, स्टीपलचेस ९:३५.३७. चार महिन्यांच्या आत, जानेवारी २०१५ ला मुंबई मॅरेथॉनमध्ये २:३८:२१. म्हणजे 'पीबी (स्वतःची सर्वोत्तम वेळ) जुना होता' ही सबबही नाही. वजाबाकी करून शीट म्हणते २:३०:१७. आठ मिनिटं कुठे गेली?

त्यात डिवचणारी गोष्ट अशी, की काहीच वजा केलं नाही तर येतं २:३८:०४. १७ सेकंदांवर! एकाने लगेच सुचवलं, 'बायकांना वजाबाकी लावूच नको, त्यांचे अडथळे ७६.२ सेंमीचेच, पुरुषांचे ९१.४.' मला हे बिलकुल पटत नाही. शाहू स्टेडियमवर सराव करणारी एक स्टीपलचेसवाली सांगत होती, पाण्यातून निघताना बूट जड होतात, पुढची तीन पावलं नुसती सावरण्यात जातात. त्याचा खर्च शून्य कसा? ताळेबंदात दोन्ही बाजूंना सारखीच खोट बसून बेरीज जुळावी, तसं झालंय हे.

पहिला संशय मुंबईवर. उकाडा, पेडर रोडचा चढ. शहराचा वेगळा गुणांक टाकायचं ठरवत होतो, एवढ्यात सुधा सिंग आठवल्या. त्याही स्टीपलचेसच्याच. ९:२६.५५ वरून शीट देते २:२७:५२, मुंबईत २०१९ ला धावल्या २:३४:५६. पुन्हा सात मिनिटं. आणि २०१५ ला बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन २:३५:३५, म्हणजे एकट्या मुंबईला दोष देता येत नाही. प्रत्यक्ष वेळांवरून उलटा घातांक काढला: सुधा १.०७८, ललिताताई १.०८०. इतके जवळ! शहराचा गुणांक तिथेच खोडला. वजाबाकी आहे तशीच राहील, स्टीपलचेसवाल्यांना फुल मॅरेथॉनसाठी १.०८.

एवढं लिहून होतंय तोच सुचलं, हाच १.०८ साबळेला लावून पाहू. फुल मॅरेथॉन आली २:१३:४२. त्याच्याच हाफवरून १.०६ ने काढलं तर २:०६:०८. १९७८ ला भारताच्या शिवनाथ सिंगांनी जालंधरला मॅरेथॉनमध्ये मारलेले २:१२:०० या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी. कुणाकडे स्टीपलचेस, हाफ आणि फुल तिन्ही धावलेल्या पुरुष धावपटूंच्या वेळा असतील तर पाठवा. फक्त शर्यतींची वेळ नोंदवणाऱ्या एका कंपनीचे स्कॅन केलेले पीडीएफ नकोत, त्यांच्यात ३ आणि ८ ओळखू येत नाहीत.