कोण, कुणाला आणि कशासाठी म्हणतंय?

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. दहावीला येईपर्यंत गाइडमधली 'इडियम्स अँड फ्रेझेस'ची यादी घोकायची आणि पेपरात वाक्यात उपयोग करून मोकळं व्हायचं, अशीच पद्धत सगळीकडे होती. आपल्या शाळेत इंग्रजीच्या सरांनी ती मोडली.

सर फळ्यावर वाक्प्रचार लिहायचे आणि अर्थ न सांगता विचारायचे, "हे कोण, कुणाला, कशासाठी म्हणतंय?" नववीत त्यांनी बोलण्याविषयीचे वाक्प्रचार घेतले. 'आय हॅड अ वर्ड विथ हिम' आणि 'आय हॅड वर्ड्‌स विथ हिम' ही वाक्यं एकाखाली एक लिहिली. पहिल्यात त्याला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या, दुसऱ्यात चांगलीच बाचाबाची झाली. सरांनी दोन मुलांना पुढे बोलावून दोन्ही प्रसंग करून दाखवायला लावले. तो एक 'एस' तेव्हापासून डोक्यात पक्का बसला.

'यू टुक द वर्ड्‌स आउट ऑफ माय माउथ' हे 'तोंडचा घास काढून घेणे' ऐकत वाढलेल्या मुलाला तक्रारीसारखं वाटणारच. म्हणणारा मात्र खूश असतो: अगदी माझ्या मनातलं बोललास! खरी तक्रार 'डोन्ट पुट वर्ड्‌स इन माय माउथ'मध्ये असते. मी बोललोच नाही ते माझ्या नावावर खपवू नकोस. 'ईट युअर वर्ड्‌स'चंही तसंच. आपण शब्द गिळतो ते ओठांवर आलेले, बाहेर न पडलेले. इंग्रजीत ते चारचौघांत बोलून झालेले असतात आणि खोटे ठरल्यावर मान खाली घालून मागे घ्यावे लागतात.

सगळ्यात मोलाचा तास 'मिन्स'चा. मिन्स म्हणजे खिमा करणे. 'ही डझन्ट मिन्स हिज वर्ड्‌स', म्हणजे तो आडपडदा न ठेवता बोलतो. हा वाक्प्रचार जवळजवळ नेहमी नकारातच येतो, हे सरांनी दाखवून दिलं. 'कुडन्ट गेट अ वर्ड इन एजवेज', समोरच्यानं मध्ये बोलायला फटच ठेवली नाही, हाही तसाच. मग म्हणाले, "आता मराठीतले शोधा." वर्गातून उत्तरं आली: चकार शब्द काढला नाही, ब्र काढला नाही. 'ब्र काढलास तर याद राख' अशी धमकी देता येते, पण 'त्यानं काल ब्र काढला' असं कुणी म्हणत नाही. जन्मापासून बोलत होतो ती भाषा त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली. इंग्रजीच्या तासाला मराठी शिकवणारा असा शिक्षक मिळणं हे आमचं भाग्यच.

पुढे मी मुंबईत दलाल स्ट्रीटवर एका ब्रोकरकडे नोकरीला लागलो. १९९५ मध्ये संगणकावरचे व्यवहार सुरू होईपर्यंत शेअर बाजाराच्या सभागृहात, म्हणजे रिंगमध्ये, ओरडून सौदे व्हायचे, सगळं तोंडी. लंडनच्या शेअर बाजाराचं ब्रीदवाक्य 'माय वर्ड इज माय बॉन्ड' असल्याचं सरांनी वर्गात सांगितलं होतं. बॉन्ड म्हणजे लेखी बंधनपत्र. दिलेला शब्द हाच कागद. हे कोण, कुणाला, कशासाठी म्हणतंय, ते मला रिंगमध्ये रोज ऐकू येत होतं.

आता शाळेत सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत, मुलांच्या हाती मोबाइलवर अर्थ तयार असतो. तरी सरांचा तो प्रश्न वर्गात विचारला जावा असं मनापासून वाटतं. शाळेनं एखादा ऑफ तास दिला, तर मी आनंदानं येईन.