गाडी दिसली पाहिजे

हिंगणघाटहून नागपूरला एस.टी.ने यायचं तर दीड-दोन तास पुरतात. मी मामाजींच्या ट्रकमधून आले आणि घरी पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. यात रस्त्याचा काही दोष नाही. रस्ता चौपदरी आहे, बरा आहे, बोरखेडीच्या टोलनाक्यावरही फार थांबावं लागलं नाही. वेळ सगळा उभं राहण्यात गेला. ट्रक म्हणजे चालणारी गोष्ट असा माझा समज होता. मामाजींच्या मते ट्रक ही मुख्यतः उभी राहणारी गोष्ट आहे.

आजोळी लग्न होतं. लग्नाबद्दल काही लिहीत नाही. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), डीजे आणि पनीर, यात सगळं आलं. मामाजी हैदराबादकडून साबणाचे आणि बिस्किटांचे खोके घेऊन येत होते, त्यांना काही लग्न गाठता आलं नाही. दुसऱ्या दिवशी बायपासला गाडी लावून घरी तोंड दाखवायला आले, वरण-भात जेवले आणि निघाले. मी म्हटलं, मी पण येते. आजी ओरडली. क्लीनरची सीट रिकामीच होती.

ती का रिकामी होती हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. पूर्वी प्रत्येक ट्रकवर उस्तादाच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, हाताखाली एक पोरगा असायचा. आता भाडी परवडत नाहीत म्हणून मालक लोकांनी पहिली काट मारली ती क्लीनरवर. त्यामुळे रिव्हर्स घेताना मागे बघायला कोणी नाही, टायर ठोकून पाहायला कोणी नाही, आणि उस्ताद जेवायला गेला की गाडीकडे बघायला कोणी नाही. हे तिसरं महत्त्वाचं आहे.

केबिनमध्ये बसल्यावर पहिली दहा मिनिटं मजा वाटली. उंचावरून सगळ्या कार बुटक्या दिसतात. मग पायाखालून इंजिनाची धग आणि खिडकीतून लू, दोन्हीकडून भाजायला लागलं. मामाजींनी ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि दुसरा मला दिला. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे, हे मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "हाव, नव्या गाडीले. ही गाडी मोडीत निघाली की मले भेटन. तवरीक मीच मोडीत निघतो."

जाम गावचा चौक गेला आणि मला भूक लागली. आता इथून खरी गोष्ट सुरू होते.

मी एक ढाबा दाखवला. चांगला होता, लाइटिंग होतं, बाहेर तंदूर पेटलेला दिसत होता. मामाजींनी मान हलवली. पुढे दुसरा, तोही नको. तिसऱ्याकडे तर बघितलंच नाही. मला वाटलं, इतकी वर्षं या रस्त्यावर आहेत, कुठली दाल चांगली, कुठला तंदूर चांगला, हे पक्कं माहीत असणार. आपल्याकडे म्हणतातच ना, जिथे ट्रक उभे दिसतील तिथे डोळे मिटून जेवावं. मीसुद्धा हा सल्ला मित्रमैत्रिणींना दिलेला आहे. शेवटी ते ज्या ढाब्यावर थांबले तिथला तंदूर बंद होता आणि रोट्या तव्यावरच्या होत्या. मी म्हटलं, मामाजी, इतके चांगले ढाबे सोडून हा?

"पोरी, जेवन कसं हाये ते मंग पाहू. आधी खाटेवरून गाडी दिसते का ते पाहा लागते."

पहिल्या ढाब्याची पार्किंग मागच्या अंगाला होती. दुसऱ्याच्या समोर जागा होती, पण अंधार होता. तिसऱ्याजवळ मागे कधीतरी कोणाची तरी ताडपत्री कापली गेली होती. खोक्यांचा माल असला की हे भय जास्त. ताडपत्रीला ब्लेड मारायचं, हात घालून चार खोके ओढायचे, दोन मिनिटांचं काम. गोदामात मोजणी कमी भरली की पैसे कापले जातात ते उस्तादाच्या भत्त्यातून. डिझेलचं तर बोलूच नका. टाकीत नळी घालून काढतात, म्हणून मामाजींनी टाकीच्या तोंडात जाळी बसवून घेतली आहे आणि वर कुलूप. तेव्हा जिथे ट्रक जास्त उभे तिथे जेवण चांगलं, हा सल्ला मी आता मागे घेते. जिथे ट्रक जास्त उभे तिथे उजेड चांगला, एवढंच त्यावरून समजावं.

ढाब्याचे दोन भाग होते. रस्त्याच्या बाजूला छपराखाली खाटा, मधे आडव्या फळ्या, एक हौद, त्यावर प्लॅस्टिकचे मग. आणि आतल्या बाजूला काचेचं दार, टाइल्स, डेझर्ट कूलर आणि 'फॅमिली' अशी पाटी. मला बाथरूमला जायचं होतं. बाहेरच्या भागात पुरुषांसाठी आडोसा होता. बायकांसाठी काहीच नव्हतं, कारण बाहेरच्या भागात बाई येईल असं ढाबा बांधणाऱ्याच्या मनातही आलेलं नसावं. मामाजींनी काउंटरवर सांगितलं, पोरगी आहे सोबत, आतलं बाथरूम वापरू द्या.

काउंटरवरचा माणूस एकदम आदबीने उठला. "या ना ताई, आतच बसा. फॅमिलीचं आतमधेच हाये." मग मामाजींकडे वळून: "उस्ताद, तुमचं तिकडं लागते."

मी म्हटलं, हे माझे सख्खे मामा आहेत. आम्ही फॅमिलीच आहोत.

"हो ना ताई. पण दुसरे लोकं बसले असतात ना." असं म्हणून त्याने मामाजींच्या लुंगीकडे पाहिलं.

माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवला, तुमचा ढाबा चालतो कोणाच्या जिवावर वगैरे सुनावलं. तो माणूस वाईट नव्हता, हे आता लिहिताना मान्य करायला हरकत नाही. रोज कारवाल्यांच्या तक्रारी त्यालाच ऐकाव्या लागत असणार. पण तेव्हा मला तो अजिबात सहन झाला नाही. आत जाऊन आले तर आतलं मेनूकार्ड पाहिलं: दाल तडका १८० रुपये. बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेली दाल तडका ११० रुपये. स्वयंपाकघर एक, खिडक्या दोन. सत्तर रुपये लुंगी न दिसण्याचे.

बाहेर येऊन बघते तर मामाजी हौदावर आंघोळ करून, ओल्या केसांनी खाटेवर मांडी घालून बसलेले. माझा राग त्यांना समजलाच नाही. "आत बसलो असतो तं गाडी कोन पाह्यली असती? इथं आंघोळ फुकट, खाट फुकट, झोप फुकट. जेवलं की झालं. तिथं बसून का करू?"

मला याचं उत्तर देता आलं नाही, आणि राग मात्र गेला नाही. तो अजूनही आहे. त्यांना आत बसायचं नव्हतं हे खरं, पण बसायचं असतं तरी बसू दिलं नसतं हेही खरंच आहे.

आता जेवण. नागपूरकडचा ट्रकवाला म्हटलं की लोकांना वाटतं, काळ्या तर्रीचं सावजी मटण हाणत असणार. सावजी ही नागपूरच्या हलबा कोष्ट्यांची, विणकरांची देणगी; मला स्वतःला प्रचंड आवडते. मामाजी चालत्या खेपेत तिला हातही लावत नाहीत. तिखटाने पाणी जास्त प्यावं लागतं, पाणी प्यालं की उतरावं लागतं, आणि तेलकट जेवलं की पहाटे डोळा लागतो. त्यांनी मागवलं ते हाफ दाल, चार रोट्या, कांदा आणि दोन ग्लास मठ्ठा. मी शेवभाजी मागवली. शेव लगदा झालेली, रस्सा नुसता लाल. दाल बरी होती. मठ्ठा उत्तम होता, त्यात पुदिना आणि जिरं अगदी बेतात. त्या रात्री मी तीन ग्लास प्यायले, बाथरूम आत आहे हे माहीत असल्यामुळे.

जेवताना मामाजींचा फोन सारखा वाजत होता. ट्रान्सपोर्टवाल्याला ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहून न्यायच्या ऑनलाइन कागदाची, काळजी. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस असा त्याच्या मुदतीचा हिशोब. हैदराबाद ते नागपूर पाचशेच्या घरात, म्हणजे तीन दिवस. मुदत वाढवायची तर संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, तेवढ्यातच वाढवता येते. पण हा हिशोब चाकं फिरण्याचा आहे. लोडिंगला गेलेला दिवस, गोदामापुढची रांग, हमाल नाहीत म्हणून गेलेली सकाळ, हे सगळं त्यातूनच वजा होतं. फोनवरचा माणूस विचारत होता, "कुठे आहात?" आणि मामाजी दर वेळी उत्तर देत होते, "जेवून राह्यलो." एकच जेवण आणि तीन फोन.

आमच्या शेजारच्या ट्रकखाली एक तामिळ ड्रायव्हर स्वतःच स्वयंपाक करत होता. टूलबॉक्समधून स्टोव्ह, कुकर, डबे निघाले. पाच मिनिटांत चिंचेचा वास सुटला. तो नामक्कलचा होता. नामक्कल म्हणजे तामिळनाडूतलं अंड्यांचं आणि ट्रकचं गाव, तिथे ट्रकच्या बॉड्या बांधतात. आम्ही ज्या रस्त्याच्या कडेला बसलो होतो तोच एन.एच. ४४ त्याच्या गावावरून जातो. वर श्रीनगर, खाली कन्याकुमारी. मी त्याला तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, ढाब्यावर का नाही जेवत? तो म्हणाला, "रोटी तीन दिन खायेगा तो पेट बंद." मग एका स्टीलच्या पेल्यात रसम् दिलं. इतकं गरम आणि आंबट की नाकातून पाणी आलं. शेवभाजीची सगळी कसर निघाली. मामाजींनी त्याला अर्धा कांदा आणि आमच्या लग्नातले बुंदीचे लाडू दिले. ढाबेवाला बघत होता. ट्रक इथे लावून जेवण स्वतःचं करायचं हे ढाबेवाल्यांना आवडत नाही, म्हणून हा तामिळ ड्रायव्हर चहा मात्र ढाब्यावरूनच घेतो, तोही दोनदा.

माल नागपूरला लागून असलेल्या वाडीत उतरवायचा होता, पण तिथल्या गोदामापुढे रात्री ट्रक लावायला जागा नसते, म्हणून झोप इथेच काढायची ठरली. मामाजी म्हणाले, बुटीबोरीहून तुला बसमध्ये बसवून देतो. मी ऐकलं नाही. मला केबिनमागची झोपायची फळी मिळाली आणि त्यांनी आपली खाट डिझेलच्या टाकीला लागून ओढली. झोप कसली येते. उकाडा, डास, प्रत्येक गाडीच्या ब्रेकचा फुस्स आवाज. मी जेव्हा जेव्हा डोकावले तेव्हा मामाजी उठून बसलेले दिसले, नाहीतर ताडपत्रीला हात लावत ट्रकभोवती फिरताना. मोटार परिवहन कामगार कायद्यात १९६१ पासून, २०२५ मध्ये तो रद्द होईपर्यंत, लिहिलेलं होतं की दिवसाला आठ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस. ही झोप कामाच्या तासांत धरायची की विश्रांतीच्या, ते कोणीतरी मला सांगावं.

पहाटे निघालो. जामठ्याचं स्टेडियम दिसलं, मग बाहेरच्या वळणरस्त्याने हिंगण्याच्या अंगाने वाडीकडे. वाटेत समृद्धी महामार्गाची पाटी लागली. ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंतचा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला तेव्हा मामाजी सुरुवातीच्याच दिवसांत त्यावरून गेले होते. त्यांचं मत एका वाक्याचं: "रस्ता लय मस्त, पन च्या नाई." कुंपण घातलेल्या रस्त्याला ढाबे चिकटत नाहीत. तासन्‌तास सरळ रेषा, ना चौक, ना टपरी; त्यांना त्यावर जागं राहायला त्रास होतो.

वाडीला पोचलो तर आमच्या आधीच ट्रकची रांग. गोदाम दहाला उघडतं, हमाल त्यानंतर. शाळेत आम्हाला नागपूर देशाच्या मध्यावर आहे म्हणून केवढा अभिमान शिकवला होता. श्रीनगर-कन्याकुमारी हा रस्ता आणि सुरतेकडून ओडिशाला जाणारा एन.एच. ५३, दोन्ही इथे भेटतात. रांगेतल्या नंबरप्लेटा वाचत बसले: टी.एस., सी.जी., एच.आर., जी.जे., के.ए. चारी दिशांनी आलेली माणसं वाडीत एका गेटकडे बघत बसलेली. भाडं खेपेचं ठरतं; या बसण्याचे पैसे मिळतात का, असं मी विचारल्यावर पुढच्या ट्रकचा उस्ताद खदखदून हसला.

रांगेच्या बाजूलाच तर्री पोह्याचा ठेला होता. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, वरून कच्चा कांदा, लिंबू. मामाजींनी दोन प्लेटा खाल्ल्या, तेही तर्री मागून मागून. आता गाडी चालवायची नव्हती आणि बंपरला टेकूनच उभे होते. अख्ख्या प्रवासात त्यांना मन लावून खाताना पाहिलं ते इथेच. पोहे खरंच चांगले होते. शहरात नावाजलेल्या ठिकाणी रांग लावून खाल्लेत त्यापेक्षा चांगले.

बारा वाजता मी हार मानली. बाथरूमचा प्रश्न पुन्हा उभा राहिला होता आणि इथे तर 'फॅमिली'सुद्धा नव्हतं. ऑटोवाल्याने धरमपेठेपर्यंत जे पैसे घेतले त्यात मी हिंगणघाटहून एस.टी.ने आरामात आले असते. घरी आंघोळ केली, जेवले, कूलरसमोर झोपले, उठले. संध्याकाळी पाचला मामाजींना फोन केला, गाडी खाली झाली का विचारायला.

"नाई ना माय. सातवा नंबर हाये. ठेवू का? रायपूरच्या भाड्याचा फोन येऊन राह्यला."