चौफुल्यावरून आत: सुपे, संगम पूल, गणेशखिंड

सोलापूर रस्त्याने यवत मागे टाकलं की चौफुला येतो. बहुतेक गाड्या सरळ निघून जातात, मोरगावला निघालेले तेवढे उजवीकडे वळतात. याच वाटेवर सुपे लागतं, पण तिथे मुद्दाम उतरणारा पुणेकर विरळाच. आम्ही उतरलो. मोरगावचा गणपती बायकोसाठी आणि सुपे माझ्यासाठी, असा घरात ठराव झाला होता.

माझं कारण होतं 12 मे 1875. बुधवार, बाजाराचा दिवस. भोवतालच्या गावांतले कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. मागणी एकच, वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढा. हाती लागले ते कागद तिथेच जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही सावकारांची घरंही पेटवली. बघता बघता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हे लोण पसरलं. सरकारने लष्कर बोलावलं, 951 जणांना पकडलं. आणि एवढं होऊनही सावकारांच्या जिवावर फारसं कोणी उठलं नाही. राग कागदावर होता.

पेठेतून फिरताना चहाच्या टपरीवर एका आजोबांनी हटकलंच.

"जमीन बघायला आलाय का?"

पुण्याची गाडी दिसली की या भागात पहिला प्रश्न हाच. मी म्हटलं, "नाही बाबा, सावकाराच्या वह्या जाळल्या होत्या ना इथे, ती पेठ बघतोय."

"हां, ऐकून आहे. पण आता वही हाय कुठं? समदं सोसायटीच्या काँप्युटरात."

चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

हल्ली आमच्या सोसायटीच्या (म्हणजे राहत्या, कर्जवाल्या नव्हे) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवड्याला एक तरी मेसेज येतो, 'आता या देशात क्रांती अटळ आहे.' खाली पाच अंगठे, आणि त्याखाली पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक. अशा वेळी मला सुपे आठवतं, कारण तिथला उठाव लोक उपाशी होते म्हणून झाला नाही. मोठा दुष्काळ त्यानंतर, 1876 मध्ये सुरू झाला. उठावाआधी होती ती तेजी आणि मग आपटी. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा दख्खनच्या शेतकऱ्याला एकरी 100 रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. पैसा कसा वाहतो ते गावांनी एकदा पाहिलं. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि थोड्याच वर्षांत सरकारने फेरआकारणीत सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी चढवला. शेतकरी कर्जासाठी सावकाराच्या दारात गेला, तर सावकार म्हणे आता मिळणार नाही.

माझ्या मते ठिणगी इथे पडली. व्याज जबर होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यालाही रीत होती. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुप्पटीचा दंडक गावाला पाठ होता. तो मोडला आणि वर अडीनडीची उचलही बंद झाली. बरं, 1859 चा मुदतीचा कायदा शेतकऱ्याच्या भल्यासाठीच केलेला, रोखा तीनच वर्षं चालायचा. सावकाराने दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. वाचता न येणारा माणूस अंगठा उठवत राहिला.

त्याआधीची खूण शिरूर तालुक्यातल्या करड्याला दिसली होती. डिसेंबर 1874 मध्ये एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी गावच्या एका देशमुखाविरुद्ध हुकूमनामा आणला आणि त्याचं घर पाडायला घेतलं. मग त्या भागात सावकारांवर बहिष्कारच पडला. न्हावी दाढी करीना, परीट कपडे घेईना, चांभार-सुतार काम करीनात, घरात गडी टिकेना. ना मोर्चा, ना घोषणा. पुण्यात बसलेल्या साहेबाला यात बंडाचा वास कुठून येणार? कलेक्टरच्या दफ्तरात दंग्याची नोंद होते, न झालेल्या हजामतीची होत नाही.

आमचा पुणेकर जोवर महापालिकेला चार पानी पत्र लिहितोय, तोवर मी निर्धास्त असतो. लिहिणाऱ्याला अजून उत्तराची आशा असते.

मोरगाव झालं, मासवडी-भाकरी झाली, दुपारी परत शहरात. घरी जाण्याऐवजी गाडी आरटीओकडे घेतली तेव्हा बायकोने फक्त माझ्याकडे पाहिलं. तिथेच संगम पुलाजवळ वासुदेव बळवंत फडक्यांचं स्मारक आहे. फडके पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असताना रजा मिळाली नाही, हा सल त्यांना होताच, त्यात दुष्काळातली खेडी डोळ्यांनी पाहिली. फेब्रुवारी 1879 मध्ये त्यांनी रामोश्यांना बरोबर घेऊन पहिला दरोडा घातला तो धामारीला. तालुका तोच, शिरूर. सुप्याच्या उठावानंतर चार वर्षांत पगारपत्रकावरचा माणूस दरोड्यापर्यंत पोचला होता. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा जळाला, विश्रामबागवाड्यालाही आग लागली. सरकार इतकं बिथरलं की न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सनदशीर माणसाची धुळ्याला बदली करून त्यांची पत्रंसुद्धा फोडायला लागलं. जुलैमध्ये फडके पकडले गेले, पुण्यात खटला चालला आणि 1883 मध्ये ते एडनच्या तुरुंगात वारले.

पण सरकारने त्या वर्षी एक शहाणपणाही केला. सुप्याच्या दंग्यांवर नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल आलेला होता, आणि 1879 मध्येच दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यावर काय लिहिलंय एवढंच न पाहता मूळ कर्ज किती होतं हे कोर्टाने तपासायचं ठरलं, कर्जापायी होणारी कैद बंद झाली. कायद्याने सावकारी संपली नाही, पण वह्या जाळण्याऐवजी कोर्टात उघडता येऊ लागल्या.

1897 मध्ये मात्र ही अक्कल कुठे गेली कोण जाणे. प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर माजघरापर्यंत शिरले. लोकांनी तक्रारी केल्या, वर्तमानपत्रांनी लिहिलं, पण प्लेगचा बंदोबस्त बघणारा अधिकारी रँडसाहेब ढिम्म. 22 जूनच्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून तो गणेशखिंडीच्या रस्त्याने परत निघाला आणि चापेकर बंधूंनी त्याला गाठलं. ती मेजवानी झालेली गव्हर्नरची कोठी म्हणजे आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. आम्ही तिथे संध्याकाळी साडेसहाला पोचलो. कोणत्याही शहाण्या माणसाने विद्यापीठ चौकात जाऊ नये अशीच ती वेळ. रस्त्याकडेच्या स्मारकापाशी मिनिटभर थांबायला गेलो, तर मागून हॉर्नवर हॉर्न.

करडे आणि धामारी राहिली. शिरूरकडून गेलात तर दोन्ही एका दिवसात होतील, मात्र पावसाळा सरल्यावर जा. 12 मे गाठायचाच असेल, तर सकाळी सातच्या आत पुणे सोडा आणि पाणी जास्तीचं घ्या.