चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही

आजचा अख्खा दिवस १९७० च्या शेव्हरले नोव्हाखाली आडवं पडून गेला. इंजिन ३५० स्मॉल ब्लॉक (३५० घनइंची व्ही-८), ताकदीला तोटा नाही. पण ड्रॅग रेसला (पाव मैलाच्या सरळ शर्यतीला) सुटताना मागची चाकं थाडथाड उड्या मारतात. दोष पाट्यांचा, म्हणजे मागच्या लीफ स्प्रिंगचा. जोर आला की पाटा पिळतो, सुटतो, पुन्हा पिळतो. असंच रेटलं तर यू-जॉइंट (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा सांधा) तुटणारच.

ट्रॅक्शन बार (पाट्याला पिळू न देणारे दांडे) बसवले. त्यांचं रबर पाट्याच्या पुढच्या बुशखालीच टेकायला हवं. मागे सरकलं तर पाटाच वाकतो. पिनियन (मागच्या ॲक्सलमधला, शाफ्टला जोडलेला गिअर) ५-६ अंश खाली, स्लिकमध्ये (नक्षी नसलेल्या रेसच्या टायरमध्ये) हवा १२ पीएसआय. (कार्ब्युरेटरला हात लावायचा मोह आवरला!) पहिल्या ६० फुटांत वाचलेला ०.१ सेकंद पाव मैलाच्या शेवटी साधारण दीडपट होतो.

पाट्यांना ॲक्सल धरून ठेवणारे यू-बोल्ट उद्या परत आवळायचेत.