सिएनाचे पांढरे रस्ते: पैसे भरण्याआधी टायरची रुंदी विचारा

आमच्या सायकल सहलीच्या माहितीपत्रकात दुसऱ्या दिवसासमोर लिहिलं होतं, 'थोडा कच्चा रस्ता, देखावा अप्रतिम'. तो थोडा कच्चा रस्ता साडेअकरा किलोमीटरचा निघाला. आम्हाला तो पार करायला दोन तास वीस मिनिटं लागली. त्यात दोन पंक्चर झाली, एक जण पडला, पाणी संपलं आणि शेवटी 140 युरोंचा भुर्दंड पडला. इटलीत तोस्कानाला (म्हणजे टस्कनीला) गाईडसोबत सायकलवर जायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी एवढा भाग तरी नीट वाचावा.

आम्ही पाच जण पुण्याचे, रविवारी बोपदेव नाहीतर सिंहगड करणारे. तयारी कशी करावी, हेल्मेट कुठलं घ्यावं, यावर मी लिहीत नाही. दिवसाला 60 किलोमीटर आणि हजार मीटरची चढाई सलग चार दिवस जमत असेल तर दम कमी पडणार नाही. आमचाही पडला नाही. आम्हाला दिलेल्या सायकली त्या रस्त्याच्या नव्हत्या, सगळा घोळ तिथे झाला.

सिएनाच्या आग्नेयेला क्रेते सेनेसी नावाचा चिकणमातीच्या टेकड्यांचा पट्टा आहे. तिथले बरेच रस्ते आजही डांबरी नाहीत, त्यांच्यावर पांढरट खडी पसरलेली असते. त्यांना तिकडे 'स्त्रादे बियांके', म्हणजे पांढरे रस्ते म्हणतात, आणि त्याच नावाची व्यावसायिक शर्यत 2007 पासून इथे होते. अशानो गावापासून तोर्रे आ कास्तेल्लोकडे जाणारा मोंते सान्ते मारियेचा पट्टा हा त्या शर्यतीतला नावाजलेला कठीण भाग. 2008, 2012 आणि 2016 अशी तीनदा शर्यत जिंकणाऱ्या फाबियान कान्चेलाराचं नाव त्याला दिलं आहे. 2024 मध्ये स्लोव्हेनियाचा सायकलपटू पोगाचार इथूनच एकटा सुटला, तेव्हा शर्यतीचे 81 किलोमीटर शिल्लक होते. हे मी हॉटेलात परत येऊन वाचलं. आधी वाचलं असतं तर 'थोडा कच्चा रस्ता' या शब्दांवर विश्वास ठेवला नसता.

आमच्या सायकलींना 25 मिलिमीटरचे टायर होते, आत साधी ट्यूब, आणि गाईडने सकाळी पंपाने दगडासारखी टणक हवा भरून दिली होती. पुढची छोटी चकती 34 दातांची, मागची सर्वांत मोठी 28 ची, म्हणजे कठीण चढासाठी पुरेसा हलका गिअर नाही. डांबरावर ही सायकल उत्तम पळते. सैल खडीच्या चढावर मात्र उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, आणि बसून मारावं तर पाय उचलत नाही. माझ्या सायकलवरच्या कॉम्प्युटरवर चढाचा आकडा दोनदा 15 टक्क्यांच्या वर दिसला. दोन्ही वेळा उतरून सायकल ढकलली, आणि क्लीटवाल्या (पायडलमध्ये अडकणाऱ्या) बुटांनी खडीवर ढकलत चढणं हे सायकल चालवण्यापेक्षा जास्त दमवतं.

चढ परवडला, पण उतार भयंकर. गाड्यांच्या चाकांनी खडीवर आडव्या लाटा तयार झालेल्या असतात, पत्र्याच्या छपरासारख्या. त्यावरून अरुंद, टणक टायरने उतरताना हात बधिर होतात आणि ब्रेकवर बोटं राहत नाहीत. आमच्यातले डॉक्टर अशाच एका वळणावर घसरले. कोपर सोलवटलं, नशिबाने हाड वाचलं. सायकल उजव्या अंगावर पडली आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, आत वाकला. आणखी दोघांची ट्यूब रिमवर आपटून फुटली, दोन-दोन भोकं पडून.

या सगळ्या काळात सपोर्ट व्हॅन पलीकडच्या टोकाला डांबरी रस्त्यावर उभी होती. खडीवर गाडी घालणार नाही, हे चालकाने आम्हाला आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं. गाईड पुढे गेला होता आणि दरीत मोबाईलला रेंज नव्हती. व्हॅनसाठी माणशी पैसे मोजल्यावर ती सर्वांत वाईट पट्ट्यात नसणं मला अजिबात मान्य नाही. या पट्ट्यात आम्हाला एकही दुकान किंवा नळ दिसला नाही. एका बाटलीवर निघू नका, दोन पूर्ण भरून घ्या, आणि ट्यूब माणशी दोन ठेवा.

तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. कच्चा रस्ता एकूण किती किलोमीटर आणि कुठल्या दिवशी? टायर किती रुंद? मागच्या चाकाचा सर्वांत मोठा गिअर किती दातांचा? माझं मत विचाराल तर 32 मिलिमीटरपेक्षा अरुंद टायर नको, 38 मिळाला तर उत्तम, आणि मागे किमान 34 दात हवेत. उत्तर टाळलं तर दुसरा आयोजक शोधा. ई-बाईक देत असतील तर संकोच न करता घ्या. युरोपात तिची मोटर ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मदत करते, पण या चढांवर त्या वेगाच्या जवळपासही कोणी जात नाही.

आता 140 युरोंची गोष्ट. डिरेलर सायकलच्या फ्रेमला ज्या छोट्या तुकड्याने जोडलेला असतो त्याला हँगर म्हणतात. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम नरम ठेवतात, पडल्यावर त्यानेच वाकायचं असतं. नवा बसवायला फार खर्च येत नाही. आमच्याकडून हँगर, 'फ्रेमवरचे ओरखडे' आणि 'तपासणी' मिळून 140 युरो डिपॉझिटमधून कापले गेले. त्यातले निम्मे ओरखडे सायकल हातात आली तेव्हाच होते, याची मला खात्री आहे. सिद्ध करता आलं नाही, कारण फोटो काढले नव्हते. सायकल ताब्यात घेताना दोन्ही बाजू, डिरेलर, रिम आणि हँडल यांचे फोटो काढा, आणि देणाऱ्याच्या समोर काढा.

बाकीचे दिवस सोपे गेले. सिएना ते अशानो हा डांबरी रस्ता सुंदर आहे. मोंते ओलिवेतोचा 1313 साली स्थापन झालेला मठ पाहिला, पिएन्झाला चीज खाल्लं. ब्वोनकोन्वेंतो ते मोंताल्चिनोची चढाई मात्र सांगायलाच हवी: 147 मीटरवरून 564 मीटरवर, साधारण 14 किलोमीटर, लयीत चढता येईल असा घाट. सुरुवातीला कास्सिया या हमरस्त्यावर ट्रक अगदी अंगाला लागून जातात, तेवढं एकामागे एक राहून सोसा. एकदा वळलं की द्राक्षमळे सुरू होतात. वर किल्ल्यापाशी पोहोचलो तेव्हा दक्षिणेला 1738 मीटरचा आमियाता डोंगर स्वच्छ दिसत होता, आणि आदल्या दिवसाचा सगळा राग माझ्यातून निघून गेला. फक्त या एका घाटासाठी मी पुन्हा जाईन.

जेवणाबाबत सावध राहा. गावातली स्वयंपाकघरं अडीचच्या सुमारास बंद होतात ती संध्याकाळी साडेसातपर्यंत. आम्ही तीन वाजता भुकेले पोहोचलो आणि बिस्किटांवर भागवलं. शाकाहारींनी 'पीची आल्यीओने' मागावं: जाड हातवळ्या शेवया, टोमॅटो आणि भरपूर लसूण. तिथला पाव बिनमिठाचा असतो, तो तसाच असतो. बिलावर माणशी दोन-तीन युरोंचा 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लागतो. ती फसवणूक नाही, वाद घालू नका.

आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस गेलो. हिरव्यागार टेकड्यांचे फोटो वसंतातले असतात. आम्हाला नांगरलेली राखाडी ढेकळं दिसली. मला तीच आवडली, पण हिरवं हवं असेल तर एप्रिल-मे धरा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गायोले गावी जुन्या सायकलींची 'लेरोइका' ही फेरी असते, त्या आठवड्यात खोल्या मिळणं कठीण.

आणि गाईडबद्दल स्पष्ट सांगतो: नको. लेरोइकाचा 209 किलोमीटरचा मार्ग वर्षभर पाट्या लावून कायम ठेवलेला आहे. तो गायोलेहून निघून सिएना, मोंताल्चिनो, अशानो करत परत येतो, मोंते सान्ते मारियेही त्यातच आहे. सिएनात रुंद टायरची ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्यासाठीची) सायकल भाड्याने घ्या आणि तो मार्ग चार-पाच दिवसांत पार करा. फ्लोरेन्सहून येताना रेल्वेपेक्षा बस बरी, ती वर जुन्या गावाजवळ सोडते. स्टेशन खाली आहे, तिथून सामान घेऊन पुन्हा वर चढावं लागतं.