पैशाचा वास

"हा पैशाचा वास आहे", गावातले एक आजोबा म्हणाले आणि खदाखदा हसले. मी स्कार्फ नाकावर घट्ट धरून उभी होते ना, ते त्यांनी पाहिलं.

नॉर्वेतलं हेनिंग्सवेर, लोफोटन बेटांवरचं एवढंसं बंदर. आमचं लाल लाकडी घर म्हणजे रोरबू, पूर्वी मासेमार सीझनपुरते यात राहायचे, आता आमच्यासारखे टुरिस्ट. खिडकीतून फोटो एकदम कॅलेंडरसारखा, पण दार उघडलं की वास!

गावाबाहेर लाकडी मांडव आहेत आणि त्यावर कॉड मासे शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीने उलटे लटकवलेत, मीठ नाही काही नाही, नुसता वारा आणि थंडी, फेब्रुवारीत टांगायचे ते मेपर्यंत. मुंडकी वेगळी वाळवतात, ती नायजेरियाला जातात म्हणे, तिकडे सूपमध्ये घालतात. दोरीत ओवलेली ती मुंडकी तोंडं उघडी टाकून वाऱ्यावर एकमेकांवर आपटत होती, खडखड असा आवाज येत होता, तो अजून कानात आहे.

रात्री साडेआठलाही लख्ख उजेड (एप्रिलमध्येच!) त्यामुळे झोप नाही, आणि डोक्यात आपलं तेच, पैशाचा वास.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या काकू गॅलरीत बोंबील वाळवायच्या. वास येतो म्हणून सोसायटीत अर्ज फिरला, त्यावर माझीही सही होती. काकूंनी मुकाट्याने दोरी काढून टाकली.

आणि इथे मी त्याच वासाशेजारी राहायचे पैसे मोजतेय. काकूंना फोन करावा का? पण करून बोलू काय?