आधी पार्क, मग जहाज: फ्लोरिडातल्या आमच्या आठवड्याची वाटणी

न्यू जर्सीत शाळेत जाणारी मुलं असलेल्या घरांना नोव्हेंबरचा पहिला आठवडा वेगळा सांगावा लागत नाही. शिक्षक संघटनेचं अधिवेशन ॲटलांटिक सिटीला भरतं आणि गुरुवार-शुक्रवार शाळा बंद राहतात. त्याच आठवड्यात मंगळवारी निवडणूक आली की आमच्याकडे तोही दिवस सुट्टीचा. मग अर्धं न्यू जर्सी ऑरलँडोच्या विमानात बसतं. तिथले लोक या आठवड्याला 'जर्सी वीक'च म्हणतात.

२०२४ ला आमचाही नंबर लागला, आणि त्याला मोठं कारण होतं. सासू-सासरे दिवाळीसाठी नाशिकहून आले होते. पुन्हा एवढा प्रवास त्यांना कधी झेपेल, सांगता येत नव्हतं. अकरा वर्षांच्या लेकीला डिस्नीचे चारही पार्क हवे होते. धाकट्याला मिकी भेटला की पुरे. सासूबाईंनी आयुष्यात जहाज पाहिलं नव्हतं. "एकदा बोटीत बसायचंय" हे त्या बरीच वर्षं म्हणत होत्या. नवऱ्याच्या रजा मोजून पाच. म्हणजे मंगळवारी निघायचं आणि पुढच्या सोमवारी परत, मुलांची शाळा बुधवार आणि सोमवार अशी दोनच दिवस बुडवायची. एवढ्यात जहाज आणि पार्क दोन्ही बसवायचं होतं.

सुरुवातीला आम्ही सगळ्यांसारखंच केलं. कागदावर दोन रकाने, इकडे तीन दिवस, तिकडे तीन दिवस. पण ऑरलँडोजवळच्या पोर्ट कॅनाव्हरल बंदरातून सुटणाऱ्या लहान क्रूझचं वेळापत्रक बघितलं आणि रकाने बाजूला ठेवले. छोट्या फेऱ्या ठरलेल्या असतात. तीन रात्रींची फेरी शुक्रवारी सुटते आणि सोमवारी सकाळी परत येते; चार रात्रींची सोमवारी सुटून शुक्रवारी येते. पार्क मात्र रोज उघडे. म्हणून पहिली गोष्ट ठरवायची ती जहाजाची तारीख. चार रात्रींची फेरी घेतली असती तर मुलांची शाळा आणखी बुडाली असती आणि पार्कला काहीच उरलं नसतं. म्हणून 'युटोपिया ऑफ द सीज' या जहाजाची शुक्रवारची फेरी घेतली. हे जहाज त्याच वर्षी जुलैत सुरू झालं होतं. एक दिवस कोकोके बेट, एक दिवस नासाऊ, दोन्ही बहामाज या देशातली.

पैसे भरण्याआधी एक काम मी डोळ्यांत तेल घालून केलं, आणि आपल्या लोकांनी ते करावंच असं मला मनापासून वाटतं. ते म्हणजे पासपोर्ट आणि व्हिसा. बहामाजला गेलात म्हणजे तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात, मग ते तीन रात्रींसाठी का असेना. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलेला असला तर तीस दिवसांच्या आत कॅनडा किंवा मेक्सिकोहून परत येण्याची सवलत आहे, पण ती बेटांना लागू नाही. बेटांची सवलत एफ आणि जे व्हिसावाल्यांना आहे. आमच्या ओळखीत एका घरात नोकरीची मंजुरी तीन वर्षांची हातात होती, पण पासपोर्टमधला शिक्का संपलेला. त्यांनी क्रूझचा विचारच सोडला आणि ते योग्यच केलं. आमचे शिक्के आदल्या हिवाळ्यात भारतात गेलो तेव्हा नवे करून घेतले होते, म्हणून आम्ही पुढे जाऊ शकलो. आई-बाबांच्या, म्हणजे सासू-सासऱ्यांच्या, बी-टू या पर्यटक व्हिसावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाची नोंद आहे ना, त्यांच्या आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत राहायच्या मुदतीच्या नोंदीवरची तारीख किती दिवस पुढे आहे, हे बघितलं. मुलं इथली नागरिक. निघाल्याच बंदरात परत येणाऱ्या फेरीवर सोळा वर्षांखालच्या नागरिक मुलांना जन्मदाखला चालतो, पण मध्येच कुठे उतरून विमानाने यायची वेळ आली तर पासपोर्टच लागतो. तो आम्ही बरोबर घेतला. बहामाजच्या बाजूने भारतीय पासपोर्टला काय लागतं तेही जहाज कंपनीकडून लेखी मागवून घेतलं. आणि आई-बाबांच्या प्रवासविम्यात अमेरिकेबाहेरचे दिवस धरलेत का, हेही विचारलं.

मग प्रश्न आला, आधी काय? नवऱ्याचं म्हणणं, आधी जहाज घेऊ, थकवा जाईल, मग पार्क. माझं म्हणणं उलटं. विमान चार तास उशिरा आलं तर पार्क चार तास कमी बघायला मिळतो. जहाज मात्र निघून जातं. जहाजाच्या आधी पार्कचे दिवस असले की तो धोका आपोआप संपतो. शिवाय तो वादळांचा काळ असतो, अधिकृतपणे ३० नोव्हेंबरपर्यंत. जेमतेम महिन्यापूर्वी मिल्टन चक्रीवादळाने १० ऑक्टोबरला डिस्नी वर्ल्ड बंद ठेवावं लागलं होतं. तसं काही झालंच असतं तर आम्ही फ्लोरिडात असताना हाताशी दिवस तरी होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाय. पार्कमध्ये दिवसभर पायपीट झाली की सत्तरीतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटतं, आणि बसायला जहाजासारखी जागा नाही.

ते नवऱ्याला पटलं. लेकीला मात्र चार पार्कांऐवजी दोन हे पटवायला दोन संध्याकाळी लागल्या. चार पार्क दोन दिवसांत करता येतात, करणारे करतात, पण आजीला घेऊन नाही. मॅजिक किंगडम नक्की होतं. दुसरा तिच्यावर सोडला, फक्त एक अट घातली की आजी-आजोबांनाही त्यात काहीतरी बघण्यासारखं असावं. तिने स्वतः नकाशे उघडून ॲनिमल किंगडम काढला.

धाकट्याची उंची आम्ही स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून मोजली. बेचाळीस इंच. स्पेस माउंटन या राइडला चव्वेचाळीस लागतात, ट्रॉनला अठ्ठेचाळीस, सात बुटक्यांच्या खाणीच्या गाडीला अडतीस. घरीच सांगून ठेवलं की यात बसशील, त्यात पुढच्या वेळी. पार्कच्या दारात पट्टीखाली उभं राहून रडण्यापेक्षा हे बरं. लेकीला मोठ्या राइडला एकाने न्यायचं, दुसऱ्याने धाकट्याजवळ थांबायचं, मग रांग न लावता अदलाबदल करायची, ही सोय डिस्नीत आहे. ती पुष्कळांना माहीत नसते.

रांग टाळायच्या पासची पद्धत त्या जुलैत बदलली होती. डिस्नीच्या हॉटेलात उतरलात तर सात दिवस आधी वेळा राखता येतात, बाहेर उतरलात तर तीन दिवस आधी. आम्ही बाहेर उतरलो, कारण आई-बाबांना सकाळी चहा स्वतः करून लागतो आणि छोटं स्वयंपाकघर असलेली जागा हवी होती. बुधवारच्या वेळा राखायचा दिवस म्हणून रविवार, ३ नोव्हेंबर आला. त्या दिवशी भाऊबीज! त्यात आदल्या रात्री घड्याळं तासभर मागे गेलेली. सकाळी सात वाजता एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात निरांजनाचं तबक, अशी आमची भाऊबीज झाली. धाकट्याने ओवाळणीत ताईला स्वतःची पॉकेटमनीची पाच डॉलरची नोट दिली, "पार्कात खर्च कर" म्हणून. तिने ती अजून मोडलेली नाही.

मंगळवारी दुपारी पोहोचलो. त्या उरलेल्या दिवसासाठी पार्कचं तिकीट घेणं म्हणजे पैसे वाया. डिस्नी स्प्रिंग्जला प्रवेश फुकट आहे, तिथे फिरलो, लवकर झोपलो.

बुधवारी मॅजिक किंगडमच्या दारात व्हीलचेअर घेण्यावरून सासूबाई अडून बसल्या. "अगं, मला काय झालंय? गोदावरीच्या घाटावर रोज चालते मी." मी म्हटलं, "आई, चालायला तुम्ही चालालच, पण रांगेत उभं राहायला ही हवी." ते त्यांना पटलं. दुपारपर्यंत ती खुर्ची पिशव्या, जॅकेटं आणि शेवटी झोपलेल्या धाकट्यासाठी कामी आली, आणि संध्याकाळी त्या स्वतःच त्यात निवांत बसल्या. पार्किंगमधून पार्कला जायला मोनोरेल आणि फेरीबोट दोन्ही आहेत. आम्ही बोट घेतली. तळ्यापलीकडे किल्ला दिसायला लागला तेव्हा त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही पण बोटच की." खरं सांगते, तेवढ्यानेच आमचा अर्धा खर्च वसूल झाला.

या पार्कच्या बाबतीत एक तारीख जपावी. नाताळच्या वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्या सुरू झाल्या की त्या रात्री साध्या तिकीटवाल्यांना सहाला बाहेर पडावं लागतं. २०२४ ला त्या ८ नोव्हेंबरला सुरू झाल्या, म्हणून आम्हाला रात्रीच्या आतषबाजीपर्यंत थांबता आलं.

गुरुवारी ॲनिमल किंगडम. सकाळी सगळ्यात आधी सफारी, कारण उन्हं तापली की प्राणी सावलीला जातात. नंतर महाराजा जंगल ट्रेक नावाची पायवाट, पडक्या भारतीय राजवाड्यासारख्या कमानी आणि त्यांच्या पलीकडे वाघ. सासरे इतिहासाचे शिक्षक होते. त्यांनी प्रत्येक कोनाडा आणि भिंतीवरचं चित्र थांबून बघितलं, नातीला समजावलं, आणि तिनेही कंटाळा न करता ऐकलं. आम्ही तिथे इतका वेळ काढला की दोन राइड राहिल्या. राहू दिल्या.

संध्याकाळी ऑरलँडोतच न थांबता गाडीने कोको बीचला गेलो. बंदर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. भाड्याची मोठी गाडी विमानतळावर घेतली होती, ती शुक्रवारी सकाळी बंदराजवळच्या शाखेत सोडून दिली. म्हणजे तीन दिवसांचं पार्किंगही वाचलं आणि न वापरलेल्या गाडीचं भाडंही.

खोल्यांची वाटणी मला आधीपासून पक्की करायची होती. आम्ही सहा जण, दोन जोडलेल्या खोल्या. आजी-आजोबांबरोबर लेक, आमच्याबरोबर धाकटा. प्रत्येक खोलीत पहिल्या दोघांचं भाडं पूर्ण, तिसऱ्याचं साधारणपणे कमी पडतं. मुख्य जेवणघरात भारतीय शाकाहारी जेवण मिळतं, पण ते पहिल्याच संध्याकाळी वाढप्याला सांगून ठेवावं. आम्ही पहिली पंगत घेतली. घरचं केलेलं खाणं जहाजावर नेऊ देत नाहीत, त्यामुळे दिवाळीचा चिवडा-चकल्या आम्ही पार्कमध्येच संपवल्या. पार्कात बाहेरचं खाणं चालतं.

जहाजावर मी एकच नियम केला: रात्रीचं जेवण सहा जणांनी एकत्र. बाकी दिवसभर ज्याने त्याने हवं ते करावं. कोकोकेला जहाज धक्क्यालाच लागतं, छोट्या होडीत उतरावं लागत नाही, आणि बेटावर ट्राम फिरते, म्हणून आई-बाबाही पाण्यापर्यंत सहज आले. सासूबाईंनी साडी घोट्यापर्यंत वर घेऊन बराच वेळ पाण्यात उभं राहून काढला. वॉटरपार्कचे वेगळे पैसे पडतात, तिथे लेक आणि नवरा गेले. धाकट्याला फुकटचा मोठा तलाव पुरला. नासाऊला सासरे आणि नवरा पार्लमेंटच्या गुलाबी इमारती बघून आले. आम्ही बाकीचे जहाजावरच राहिलो. सगळे बंदरावर उतरून गेल्यावर रिकाम्या जहाजासारखा निवांतपणा नाही.

सोमवारी सकाळी उतरून, पासपोर्ट तपासून, शटलने विमानतळ. पोर्ट कॅनाव्हरल ते ऑरलँडो विमानतळ साधारण पाऊण-एक तास. तरीही आम्ही विमान दुपारचं घेतलं होतं, जहाज कधी उशिरा लागतं म्हणून.

आता लेकीचं पुढचं मागणं तयार आहे. २२ मे २०२५ ला ऑरलँडोत युनिव्हर्सलचा एपिक युनिव्हर्स हा नवा पार्क उघडला, तिला तिथे जायचंय. त्या खेपेला मी जहाज अजिबात धरणार नाही. युनिव्हर्सलचे तीन पार्क, तेरा वर्षांची मुलगी आणि एव्हाना चव्वेचाळीस इंच ओलांडलेला मुलगा, म्हणजे सगळे दिवस तिकडेच लागणार. आई-बाबा तेव्हा आले तर त्यांच्यासाठी न्यूयॉर्कच्या बंदरातून सुटणारी वेगळी फेरी बघते आहे. तिथपर्यंत आमच्या घरून ट्रेननेही जाता येतं.